बनदम्मापुढचं गाऱ्हाणं

दिवेलागणीला द्यावप्पा घरी आला तो पुढच्या दाराने आलाच नाही. मागून वळसा घालून तो थेट न्हाणीत शिरला.

नागवेणीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पोफळीवरून उतरलेला माणूस आधी आंघोळ करतो, मग पाणी पितो, मग बोलतो. त्या घरात तीन पिढ्या असंच चालत आलेलं. तिने न्हाणीच्या चुलीत सुपारीची वाळलेली सालं घातली होती आणि तांब्याच्या हंड्यात पाणी खदखदत होतं.

पाणी ओतल्याचा आवाज सुरू झाला तो थांबेचना.

"अजून पाणी घाल," तो आतून म्हणाला.

"हंडा संपवलात? अहो, लग्नाचं न्हाण आहे का आज?"

"घाल म्हणतो ना."

दोन घागरी ओतून ती बाहेरच्या बाजूने चुलीतला जाळ सारायला गेली. चुलीच्या तोंडात कापड जळत होतं. दसऱ्याला घेतलेला नवा पंचा, अर्धा गेलेला, काठ तेवढा हिरवा दिसत होता.

"अहो, पंचा जळतोय!"

"जळू दे."

जेवायला तो बसलाच नाही. घोंगडी अंथरून पालथा पडला. त्याचा बाप कन्नप्पा ओसरीवर पान लावत बसला होता. बारा वर्षांपूर्वी पोफळीवरून पडून त्याचा खुबा मोडला, तेव्हापासून त्याचं जग ओसरी ते अंगण एवढंच. पण माणसाच्या पाठीकडे पाहून तो किती उंचीवरून आला ते सांगायचा.

"पडलास?"

"नाही."

"मग असा पालथा का?"

द्यावप्पा भिंतीकडे तोंड करून चार शब्द बोलला. कन्नप्पाचं चुन्याचं बोट पानावरच राहिलं.

"कुणी?"

"प्रभाकर ठेकेदार. त्याची दोघं माणसं होती. त्यांनी धरलं."

त्यामागचं कारण बापाला सांगायची गरज नव्हती. सगळ्या गावाला ते माहीत होतं. सुपारीच्या आगराचे मालक हेगडे वडेर यांनी यंदा पीक झाडावरच प्रभाकरला दिलं होतं. ओढ्याकाठची पोफळींची एक ओळ मात्र बनदम्मा देवीची. तिला कुणी ठेकेदार हात लावत नाही. प्रभाकर म्हणाला, तीही उतरव. द्यावप्पाने वर बसूनच नकार दिला आणि संध्याकाळी वडेरांना सांगितलं. वडेरांनी प्रभाकरला चार गड्यांदेखत झापलं. ही परवाची गोष्ट. आज दुपारी प्रभाकरने त्याला सुपारी उकडायच्या शेडमध्ये बोलावलं, "ये मारायरे, ये बाबा, मिटवून टाकू," म्हणाला, आणि आतून कडी घातली.

नागवेणी दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि तिच्या तोंडून निघालं ते एकच, "ओरडला का नाहीत?"

द्यावप्पाने मान वळवली. "महाबला बाहेर कढईला जाळ घालत होता."

महाबला म्हणजे तिचा सख्खा भाऊ. सहा वर्षं द्यावप्पा वर आणि महाबला खाली दोर धरून, अशी जोडी होती.

"मग?"

"मग काय? मी ओरडलो होतो."

*

सकाळी नागवेणी म्हणाली, दवाखान्यात जाऊ, पोलिसांत जाऊ. कन्नप्पाने काठी आपटली.

"आधी देवीकडे. आगर कुणाचं होतं, ओळ कुणाची होती? तिच्यापायी झालंय हे. तिच्यापुढे गाऱ्हाणं ठेवायच्या आधी ठाण्याची पायरी चढलास तर ती पाठ फिरवते. आणि ठेवल्यावर नऊ दिवस दुसऱ्या दाराला जायचं नाही. माझ्या बापाने पाळलं, मी पाळलं."

नागवेणी मंगळवार करणारी बाई. चहाचा घोटसुद्धा न घेता ती डोंगरावर देवीला अनवाणी जायची. सासरा देवीचं नाव घेतोय म्हटल्यावर ती गप्प झाली.

बनदम्माच्या दारातली रीत साधी आहे. ज्याचं दुःख त्याने नारळ ठेवायचा आणि बोलायचं. पुजारी तेच शब्द, अक्षर न बदलता, देवीकडे तोंड करून मोठ्याने म्हणतो. मग प्रसादाचं फूल. देवीला लिहिलेलं चालत नाही, वकील चालत नाही. माणसाच्या तोंडचंच लागतं, असं जुनी माणसं सांगतात.

कन्नप्पाला पाटीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी वर नेलं. देवळात पाचसात बाया होत्या, ओटी भरायला आलेल्या.

"बोल," पुजारी म्हणाला.

द्यावप्पाने ओठ ओले केले. रात्रभर त्याने शब्द जुळवले होते. शेडमधला उकडलेल्या सुपारीचा वास नाकातून गेला नव्हता, कापूर लावला तरी तोच येत होता. तो म्हणाला, "प्रभाकर ठेकेदाराने मला शेडमध्ये..."

"मारलं," बाप मध्येच म्हणाला. "माझ्या मुलाला कोंडून मारलं. तिघांनी."

पुजाऱ्याने एकदा बापाकडे, एकदा मुलाकडे पाहिलं. बायांनी पदर सावरले. मग तो देवीकडे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आई बनदम्मा, कन्नप्पाच्या द्यावप्पाला प्रभाकरने कोंडून मारलं, तिघांनी मारलं, तू बघ."

फूल उजवीकडून पडलं. कन्नप्पा रडायला लागला, "ऐकलं, आईने ऐकलं!" द्यावप्पाच्या तोंडात उरलेले शब्द तसेच होते. त्याने ते तीर्थाबरोबर गिळले.

*

पाचव्या दिवशी तो आगरात गेला. घड पिकले होते, आणि त्या भागात त्याच्यासारखा चढणारा दुसरा नव्हता. एका पोफळीवर चढला की तो शेंडा झुलवून पुढचीचा गळा धरायचा, आणि तसाच वरच्या वर वीस-वीस झाडं फिरून मग खाली यायचा. खाली महाबलाने दोर ताणून धरायचा. तोडलेला घड दोरावरून घसरत त्याच्या हातात. वर असलेला माणूस खाली बघत नाही. दोराचा ताण हातात असतो, तेवढ्यावर विश्वास.

सकाळी दव होतं. खोडं निसरडी. पायात फास अडकवून द्यावप्पाने पहिली झेप घेतली, दुसरी घेतली. मांड्या आवळल्या की ओटीपोटापासून कळ यायची आणि डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. अर्ध्यावर पोचला आणि पाय थरथरायला लागले. एकतीस वर्षांच्या आयुष्यात तो पहिल्यांदा अर्ध्या झाडावरून खाली उतरला.

पलीकडे सुपारी वेचणाऱ्या बायांपैकी एकीने हसून विचारलं, "काय हो द्यावप्पाअण्णा, पोफळ उंच झाली का रात्रीतून?"

महाबला दोर गुंडाळत होता. गुंडाळून झालेला दोर सोडून त्याने परत गुंडाळला.

"तू ऐकलंस ना?" द्यावप्पा हळू म्हणाला.

"काय?"

"महाबला."

"भावजी, जाळाचा आवाज असतो. कढई केवढी, तुम्हाला माहितीये." मग इकडेतिकडे बघून तो म्हणाला, "वेळ आली तर मी सांगीन. बहिणीची शपथ. आत्ता नका बोलू."

त्या दुपारी हेगडे वडेर स्वतः बांधावर आले. द्यावप्पाच्या बापाने त्यांच्या बापाचं आगर उतरवलं होतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. तो हात बसताच द्यावप्पाचं अंग आक्रसलं, त्याला स्वतःलाच त्याची लाज वाटली.

"मला कळलंय," वडेर म्हणाले. "माझ्या आगरात असं? नऊ दिवस होऊ देत. मी स्वतः येतो ठाण्यात तुझ्याबरोबर. जीप काढतो. माझ्यासमोर कोण काय करतो बघू."

त्या एका वाक्यावर द्यावप्पाने पुढचे चार दिवस काढले. पेज पिताना, कूस बदलताना तो मनाशी म्हणायचा, वडेर येणार आहेत. तिथे सांगायचं. तिथे लिहितात. एकदा लिहिलं गेलं की झालं. मग ते त्याच्या अंगात राहायला नको, कागदात राहील.

दहाव्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून वडेरांच्या फाटकाशी उभा राहिला. जीप अंगणातच होती. वडेरांची सून बाहेर आली, "मामंजी सिर्सीला गेलेत हो, पहाटेच. काही निरोप?"

"नाही," तो म्हणाला.

दोघं नवराबायको बसने तालुक्याला गेली. बसमध्ये सीट रिकामी होती, तरी तो उभाच राहिला.

*

ठाण्यात सावित्रम्मा नावाच्या हवालदारबाई होत्या. जाड चष्मा, वेणीत अबोलीचा गजरा. त्यांनी नागवेणीला बाकावर बसवलं आणि तिलाच विचारलं, "काय झालं बाळ? सांग, घाबरू नको."

"मला नाही," नागवेणी म्हणाली. "यांना."

सावित्रम्मांनी चष्मा वर केला. मग नागवेणीला बाहेर बसवून दार लोटून घेतलं. द्यावप्पा उभ्यानेच बोलला. सगळं बोलला, पहिल्यापासून. मधे दोनदा पाणी प्यायला. त्या लिहीत राहिल्या, न थांबता, पानामागे पान. त्यांनी वर बघितलं नाही, त्याचे उपकारच वाटले त्याला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याचं बोलणं लिहून घेत होतं.

पानं घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. आतून आवाज आला, "हे काय? चढणारा गडी ना हा? पन्नास फुटांवर माकडासारखा झुलतो आणि याला धरून ठेवलं?" कुणीतरी दुसरं हसलं. "बोलव त्याला."

साहेब तरुण होते, ओठांवर कोवळी मिशी. "कधीची गोष्ट?"

"दहा दिवस झाले, साहेब."

"दहा दिवस काय करत होतास?"

"देवीकडे ठेवलं होतं."

"बरं. कपडे?"

"जाळले."

"आंघोळ?"

आंघोळ केली म्हणून कुणाला गुन्हेगारासारखं उभं राहावं लागेल हे द्यावप्पाच्या कल्पनेतही नव्हतं.

"ये गं सावित्रम्मा, समजाव याला."

बाहेर व्हरांड्यात सावित्रम्मांनी आवाज खाली आणला. "हे बघ, बाईवर झालं तर कलम आहे. अठराच्या आतल्या पोरावर झालं, मुलगा असो की मुलगी, तरी आहे. तुझ्यासारख्या बाप्यासाठी एक जुनं कलम होतं. जुलैत कायद्याचं नवं पुस्तक आलं, त्यात ते घेतलंच नाही."

"घेतलं नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही."

"मग माझ्यावर झालं ते काय?"

सावित्रम्मांनी गजरा उगाच चाचपला. "मारहाण. कोंडून ठेवणं. धमकी. ती कलमं लागतात. तेवढंच लिहिता येतं."

"पण तुम्ही लिहिलंत की मघाशी. मी सांगितलं तसं."

"लिहिलं. सवयीने लिहिलं." त्यांच्या हातात ती पानं होती. त्यांनी ती चारदा घडी घालून फाडली. आवाज होऊ नये म्हणून सावकाश. "नवीन लिहिते. सही कर. नाही केलीस तर तेवढंही राहणार नाही, बाबा. मला दोन मुलगे आहेत, मी तुझं वाईट नाही सांगत."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला उताणं, पालथं केलं. पडद्याला भोक होतं आणि पलीकडे खोकणारी माणसं रांगेत होती. "जुनी जखम, भरत आलेली," डॉक्टर नर्सला म्हणाले. "कशाने ते लिहू नका, ठाण्याने विचारलेलं नाही."

द्यावप्पाने सही केली. सातवीपर्यंत शिकलेला होता तो, वाचता येत होतं. एका पानावर, आठ ओळींत, त्याला काठीने आणि लाथाबुक्क्यांनी मारल्याचं लिहिलं होतं. काठी तिथे नव्हतीच.

*

आठवड्याने साक्षी घ्यायला हवालदार गावात आला. महाबलाने सांगितलं, की घडांच्या मोजणीवरून बाचाबाची झाली, दोन्हीकडून हात उचलले गेले. दोन्हीकडून.

नागवेणी भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. द्यावप्पा तिच्या मागे होता.

"माझी शपथ घेतली होतीस तू."

"मग खोटं काय बोललो?" महाबला चिडून म्हणाला, चिडल्याशिवाय त्याला बोलताच आलं नसतं. "मारहाणच झाली ना? कागदावर तेच आहे. मी दुसरं सांगून काय होणार होतं? साहेबांनीच म्हटलं, त्याला कलम नाही. कलम नाही तर मी का वाईट होऊ? पुढल्या वर्षीही आगर उतरवायचंय मला प्रभाकरकडे." आणि बहिणीकडे बघत हलकेच म्हणाला, "तुझ्याच अब्रूसाठी गं. लोक तुला काय म्हणतील? कसल्या नवऱ्याची बायको?"

नागवेणीने उंबऱ्यावर ठेवलेला पाय मागे घेतला.

दोन दिवसांनी हेगडे वडेर आले. यावेळी अंगणातूनच बोलले, ओसरी चढले नाहीत. "सिर्सीला अचानक जावं लागलं. असो. प्रभाकर तयार आहे. देवीपुढे चुकीबद्दल काणीक, दंडाचे पैसे, ठेवतो म्हणतो, सगळ्यांसमोर. ठाण्यातही मग तडजोड लिहिता येईल. कोर्टात काय होणार आहे? दंड. तोही झाला तर."

"कसली चूक म्हणून ठेवणार आहे?" द्यावप्पाने विचारलं.

"अरे, चूक म्हणजे चूक. देवीला माहीत असते."

कन्नप्पाने हात जोडले. "वडेर म्हणतायत तसं कर. देवीच्या पायाशी तो वाकतोय, आणखी काय पाहिजे?"

द्यावप्पाने मनाशी एक हिशोब धरला. कागद ठाण्याचा आहे, कलमं सरकारची आहेत. पण देवीच्या दारात शब्द अजूनही त्याचेच होते. रीतीप्रमाणे काणीक ठेवलं की गाऱ्हाणं करणाऱ्याने आपल्या तोंडाने पुन्हा सगळं सांगायचं आणि शेवटी 'फिटलं' म्हणायचं. पुजाऱ्याने अक्षर न बदलता ते म्हणायचं.

"येतो," तो म्हणाला.

*

मंगळवारी देऊळ भरलं होतं. प्रभाकर पांढरी लुंगी नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून आला होता. त्याच्यामागे ती दोघं. द्यावप्पाने त्यांच्याकडे न बघायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या अंगाला उकडलेल्या सुपारीचा वास होता. प्रभाकरने काणीक ताम्हनात ठेवलं, साष्टांग नमस्कार घातला आणि उठून हसरा चेहरा करून हात जोडले, "माझ्या हातून काही कमीजास्त झालं असेल तर आईने पोटात घालावं."

"बोल द्यावप्पा," पुजारी म्हणाला.

द्यावप्पा पुढे झाला. तो मोठ्याने बोलणारा माणूस नव्हे. वर झाडावरून हाक मारतानाच काय तो त्याचा आवाज मोठा व्हायचा. त्याच आवाजात तो बोलला. प्रभाकरने काय केलं, कुठे केलं, कुणी हात धरले, कुणी पाय धरले, ते त्याने सांगितलं. घरात, आगरात त्या कृत्याला जो शब्द आहे तो शब्द वापरला. आडपडदा ठेवला नाही.

एका बाईने पोराचे कान झाकले.

"अरे, बायामाणसं आहेत इथे!" हेगडे वडेर म्हणाले.

"म्हणा," द्यावप्पा पुजाऱ्याला म्हणाला. "मी सांगितलं तसं म्हणा देवीला."

पुजारी म्हातारा होता. चाळीस वर्षं लोकांची चोरी, जाळपोळ, जमीन, सवत, सगळं त्याने देवीला ऐकवलं होतं. त्याचे ओठ हलले. त्याने वडेरांकडे पाहिलं. कन्नप्पाकडे पाहिलं. कन्नप्पाने पाटीत बसल्या बसल्या दोन्ही हात जोडून त्याच्यासमोर मान हलवली: नको.

पुजारी देवीकडे वळला. "आई बनदम्मा, कन्नप्पाच्या द्यावप्पाला मारलं होतं. मारणाऱ्याने काणीक ठेवलं. गाऱ्हाणं फिटलं."

"नाही फिटलं," द्यावप्पा म्हणाला.

पण घंटा वाजायला लागली होती. महाबलाच वाजवत होता, दोन्ही हातांनी. प्रसादाच्या पंगतीसाठी लोक उठले. जाताना सगळे द्यावप्पाला वळसा घालून गेले, सांडलेल्या पाण्याला घालतात तसा. प्रभाकरने वडेरांच्या पाया पडून घेतलं. कन्नप्पाची पाटी उचलायला दोन शेजारी पुढे आले. त्याने मुलाला हाक मारली नाही.

पुजाऱ्याने गाभाऱ्यातून फूल आणलं आणि द्यावप्पापुढे धरलं. द्यावप्पाने हात पुढे केला नाही. त्याने देवीकडे पाहिलं. तिचे चांदीचे डोळे होते तसेच होते. तिच्यावर त्याचा राग नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

उतारावर नागवेणी त्याच्यामागे चालत होती, अनवाणी. तिचा उपास होता, पंगतीला ती थांबलीच नव्हती. ऊन चढलं होतं. शेताच्या बांधाशी आल्यावर ती थांबली. नारळाची पिशवी खाली ठेवून बांधावर बसली.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मी त्या दिवशी दाराआडून ऐकलं, आणि आज ऐकवेना. आता नीट ऐकते."

द्यावप्पा तिच्या शेजारी बसला. शेड, कढई, कडीचा आवाज, असं एकेक तो सांगत गेला. नागवेणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. तो त्या शब्दापाशी पोचला, तेव्हा डोंगराच्या वाटेने पंगतीतून उठून येणाऱ्या माणसांची चाहूल लागली.

"हळू बोला," नागवेणी घाईने म्हणाली. "कुणी तरी येतंय."

द्यावप्पाने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठून उभा राहिला, वाटेकडे तोंड केलं, आणि राहिलेलं सांगायला लागला. आवाज त्याने कमी केला नाही.